सासूच्या भेटीचं कलम

रविवार, १३ जुलै. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या हॉलमध्ये सहा माणसं एका गोल टेबलाभोवती बसली. नवरा, बायको, दोघांचे दोन वकील आणि नवऱ्याचे आई-वडील. सातवा मी. मला टेबलाजवळ जागा नव्हती; फ्रिजशेजारी स्टूल दिलं होतं. विषय : नवरा-बायकोने वेगळं होणं. ठरलेली अट : कोर्टात न जाता.

घटना एवढीच. अठ्ठावीस वर्षं मी एका दैनिकाला नंदुरबार जिल्ह्याच्या बातम्या पुरवतो. मिरचीचा लिलाव, तोरणमाळच्या घाटात कोसळलेली दरड, रनाळ्याच्या ग्रामसभेत तुटलेल्या खुर्च्या, सगळं वेळेवर आणि मोजक्या ओळींत. या बैठकीला मी चार ओळी दिल्या असत्या. प्रत्यक्षात तिने माझे बावीस दिवस घेतले.

वकिलांपैकी एक माझी मुलगी. चेतना. ती जूनमध्ये पुण्याला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली आणि परत आली ती कौटुंबिक वकिलीची नवी पद्धत घेऊन. सोफ्यावर बसून तिने ती आम्हाला समजावली. दोन्ही बाजूंचे वकील आधीच लिहून देतात की आम्ही कोर्टात लढणार नाही. सगळे एकत्र बसतात, काही लपवत नाहीत, बोलून अटी ठरवतात. शेवटी त्यावर शिक्का मारून घ्यायला सगळे मिळून कोर्टात जायचं, तेवढंच. मध्येच एखादा पक्षकार भांडायला कोर्टात गेला, तर दोन्ही वकिलांनी काम सोडायचं आणि त्या दोघांनी नव्या वकिलांसह पहिल्यापासून सुरुवात करायची.

"म्हणजे वकिलांनी भांडायचं नाही?" सुनिताने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं. "मग ते करणार काय?"

"ऐकून घ्यायचं."

"ते तर मी तीस वर्षं फुकट करतेय."

पहिलं प्रकरण लगेच आलं. ललित हा रनाळ्याचा, तोरणमाळच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्याची बायको निशा नंदुरबारला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. तो वर डोंगरात, ती खाली गावात. दोघांत भांडण नव्हतं. बोलणंच उरलं नव्हतं. वेगळं व्हायचं दोघांनी ठरवलं होतं, पण कोर्टात गेलं की काहीतरी आरोप लिहावे लागतील, ही भीती दोघांनाही होती. "तिच्याविरुद्ध लिहायला माझ्याकडे काही नाही," असं ललित चेतनाला म्हणाला. "आणि आईला साक्षीला बोलावलं तर ती निशाच्या बाजूने बोलेल." ते खरंच होतं. मागच्या वर्षी कौसाबाईंचं, म्हणजे ललितच्या आईचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तीन महिने निशाने त्यांना उचलून बसवलं होतं. आजही रोज संध्याकाळी सासू-सुनेचा फोन होतो. ललितला तो फोन येत नाही.

निशाच्या बाजूने ॲड. नवनीतभाई उभे राहिले. उभे राहिले हा शब्द मी जाणून वापरतोय. एकतीस वर्षं कोर्ट गाजवलेला माणूस. ते या पद्धतीला तयार झाले ते गुडघ्यांमुळे. "चेतनाबेन, मला आता उभं राहवत नाही. बसून करायची वकिली असेल तर मी आहे," असं ते म्हणाले होते.

सुरुवातच अडखळली. चौघांनी सही करायचा सहभाग करार नोटरी करून घ्यायचा होता. नोटरी बसतात कोर्टाच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली. त्यांनी करार दोनदा वाचला.

"याचा नमुना कुठाय?"

"नमुना नाही. नवीन पद्धत आहे," चेतना म्हणाली.

"नवीन असू द्या ना. नव्याचा जुना नमुना दाखवा."

तो दाखवता येईना. मग त्यांनी चष्मा काढला. "ताई, मी कोर्टाच्या फाटकात बसतो. तुम्ही माझ्याकडून लिहून घेताय की ही माणसं कोर्टात जाणार नाहीत. असं सगळे लिहून द्यायला लागले तर मी कुठे बसू?" शेवटी त्यांच्या रजिस्टरात दस्ताच्या प्रकारापुढे 'इतर' असं लिहून काम झालं.

मग जागेचा प्रश्न. चेतनाचं ऑफिस कोर्टाच्या व्हरांड्यासमोर. खिडकीतून बेलिफ दिसतो. शांत, घरगुती जागा हवी, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. आमचा हॉल घरगुती आहे. टेबल मात्र गोल हवं होतं, म्हणजे कोणी समोरासमोर येत नाही. आमचं चौकोनी. मी ओळखीच्या मंडपवाल्याला फोन करून एक गोल टेबल आणि सहा खुर्च्या सांगितल्या. कशासाठी ते सांगितलं नाही, कारण गोपनीयता हे कराराचं चौथं कलम होतं. रविवारी सकाळी त्याने टेबल आणलं ते गुलाबी सॅटिनच्या झालरीसकट. खुर्च्यांना मागे सोनेरी बो होते. मध्ये ठेवायला प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ तो स्वतःहून घेऊन आला होता.

माझं पद 'तटस्थ नोंदकार'. नवनीतभाईंनी त्यावर हरकत घेतली की तटस्थ नोंदकार हा विरुद्ध बाजूच्या वकिलाचा बाप आहे. चेतनाने उत्तर दिलं, "पप्पा घरात कधीच माझ्या बाजूने नसतात." हरकत फेटाळली गेली. मला हे उत्तर लागलं, पण नोंदकाराला लागलेलं नोंदवता येत नाही.

पोहे झाले, चहा झाला. चेतनाने ललितला विचारलं, निशाचं कुठलं वागणं तुम्हाला चांगलं वाटतं. ललितने गुच्छाकडे पाहिलं. तेवढ्यात नवनीतभाई ताडकन उभे राहिले. "प्रश्न सूचक आहे!"

"नवनीतभाई, बसा ना," चेतना म्हणाली.

ते बसले, आणि कौसाबाईंकडे वळताना पुन्हा उभे राहिले. "बाई, तुमची सून तुमच्याशी नीट वागते? हो की नाही, एवढंच सांगा."

कौसाबाईंनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू आधी बस ना भो. उभा ऱ्हाईसन काय बोली ऱ्हायना? पोहा थंडा व्हई ऱ्हायनात."

एकतीस वर्षांत कुठल्याही साक्षीदाराने त्यांना बसवलं नव्हतं. ते बसले. गुडघे दुखत असूनही बसून त्यांना शब्द सुचत नव्हते. पुढचा अर्धा तास ते घोट घोट पाणी पीत राहिले, आणि तेवढ्यात ललित-निशाने एकमेकांचं चांगलं सांगून घेतलं.

याच वेळी शेजारच्या तुळशीबाई आल्या. हातात साखरेची वाटी. आमच्याकडे साखर मागायला येतात त्या. आज साखर द्यायला आल्या होत्या. दारातून त्यांनी झालर पाहिली, बो पाहिले, पोह्यांच्या ताटल्या पाहिल्या, रनाळ्याची टोपी घातलेले दोधूआप्पा, म्हणजे ललितचे वडील, पाहिले, आणि डोळे भरून चेतनाकडे पाहिलं.

"सुनिता, आखाडमा सोयरीक?" त्या स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या. कुजबुजत म्हणाल्या, पण आमचं स्वयंपाकघर हॉलला लागूनच आहे. "एवढी कसली घाई शे वं? आनि पोऱ्या वयनी मोठा दिखस. केस पांढरा व्हयनात."

ललितने नकळत केसांवरून हात फिरवला. निशा हसली. मी नोंदीत लिहिलं : ११.५२, वातावरण सैल. सुनिता काहीच सांगू शकत नव्हती, कलम चार. तिने फक्त साखर घेतली. तिचं गप्प राहणं तुळशीबाईंनी होकार समजून घेतलं. दुपारी दोनपर्यंत आमच्या गल्लीत चेतनाचं जमलं होतं.

पलीकडच्या घरातले उदेसिंगभाऊ मात्र वेगळे. वन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे तोरणमाळजवळचे पावरा आदिवासी. त्यांनी ओट्यावरून सगळं पाहिलं आणि संध्याकाळी मला बोलावून विचारलं, "मोडायचं काम होतं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"जमवायला बसलेले एवढे हळू बोलत नाहीत." मग म्हणाले, "आमच्याकडे दोन्हीकडची माणसं अशीच बसतात. पंच बसतात. पोरगा-पोरगी दोघांना विचारतात. मुलगी पुण्याहून काय शिकून आली?"

मी पद्धत समजावली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. "चांगलं आहे. पाच दिवसांत एवढं शिकवलं म्हणजे चांगलं आहे," असं म्हणून ते कोंबड्या झाकायला गेले.

आता माझ्या चुकीबद्दल. ती मी जशी झाली तशी लिहितो.

संध्याकाळी मी बैठकीची नोंद मोबाईलवर टाइप केली. चेतनाने दिलेल्या नमुन्यात बैठकीचा उद्देश सगळ्यात शेवटी लिहायचा होता. आधी कोण कोण होतं, कसं वातावरण होतं, काय चांगलं बोललं गेलं. आमच्या धंद्यात याच्या बरोबर उलट. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत. कारण जागा कमी पडली की उपसंपादक बातमी शेपटीकडून कापतो. असो. मी नमुन्याप्रमाणे लिहिलं. फक्त सवयीने वर 'नंदुरबार, ता. १३ (वार्ताहर)' असं लागलं. सात पन्नासला मजकूर पूर्ण झाला. अठ्ठावीस वर्षं संध्याकाळी आठच्या आत माझा मजकूर एकाच ठिकाणी जातो. बोटाने तो तिथेच पाठवला.

मुख्य कार्यालयात पानावर पवन होता. त्याच्या 'शुभवार्ता' सदरातली एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली होती आणि नऊ ओळींची जागा रिकामी होती. माझा मजकूर तेवीस ओळींचा. त्याने शेपूट कापलं.

सोमवारच्या अंकात आलं ते असं :

'ललित-निशा यांचे सामोपचाराने जमले. नंदुरबार, ता. १३ (वार्ताहर) : रनाळे येथील दोधूआप्पा यांचे चिरंजीव ललित आणि निशा यांच्यासंदर्भात येथे रविवारी दोन्ही बाजूंची बैठक खेळीमेळीत पार पडली. चहा-पोह्यांनंतर दोघांनी एकमेकांच्या चांगल्या गुणांबद्दल मनमोकळेपणाने सांगितले. सर्व गोष्टी परस्पर संमतीने ठरवण्याचे दोघांनी मान्य केले. पुढील बैठक २० जुलैला होईल.'

मथळा पवनचा. त्याखाली एकही वाक्य खोटं नव्हतं. मी पवनला फोन केला.

"सर, छान होती बातमी. थोडी लांब होती."

"पवन, शेवटचा परिच्छेद वाचला होतास?"

"शेवटचे मी वाचत नाही सर. तुमच्या बातम्यांत शेवटी कधी काही नसतं."

माझ्या लेखनाची एवढी नेमकी समीक्षा कोणी केली नव्हती.

सकाळी साडेनऊला रनाळ्याच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर ललितचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो आणि 'हार्दिक अभिनंदन, मास्तर'. लावणाऱ्या मित्रांना ललितचं लग्न झालेलं अर्थातच माहीत होतं. त्याच लग्नात ते नाचले होते. पण पेपरमध्ये आलं म्हणजे काहीतरी झालं असणार, असा त्यांचा विचार. दोधूआप्पांना दहापर्यंत सतरा फोन आले. अठरावा त्यांनी मला केला.

"भाऊ," ते म्हणाले. ते फार कमी बोलतात. "मन्हा पोऱ्यानं दुसरं लगन तुम्ही कोनासंगे लाई दिनं?"

"आप्पा, निशाशीच."

"तिन्हासंगे ते व्हयेलच शे."



चेतना माझ्यावर ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तिने फक्त कराराचं चौथं कलम माझ्यासमोर ठेवलं. गुप्तता मोडली तर कोणताही पक्षकार बाहेर पडू शकतो. निशा बाहेर पडली की दोन्ही वकील बाहेर, प्रकरण कोर्टात, आरोप लिहायचे, कौसाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात. नवनीतभाईंचा फोन आला तेव्हा ते बहुधा उभेच होते. "उमाकांतभाई, माझ्या अशिलाला उद्या दुपारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे. मी तिला काही सुचवणार नाही. मोडलं तर हे प्रकरण माझ्या हातून जाईल, तरी कोट इस्त्रीला टाकला आहे."

मंगळवारी सकाळी सव्वाआठला मी निशाच्या लॅबमध्ये गेलो. माझ्यापुढे सहा माणसं होती. मला वाटलं, मी माफी मागायला आलो आहे म्हटल्यावर आत घेतील. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, माफीला पण नंबर लावा. माझा नंबर आला तेव्हा निशाने हातमोजे घालत विचारलं, "काका, उपाशी आहात?"

होतो. आदल्या दिवसापासून जेवण जात नव्हतं.

"मग शुगर करून घ्या. वयाला बरं." आणि माझं काही ऐकण्याआधी तिने दंडाला पट्टा बांधला. सुई आत असताना मी माफी मागितली. अशा अवस्थेत माणूस जे बोलतो त्यात खोट नसते, असं मला वाटतं. तिलाही वाटलं असावं.

"काका, काल आईंचा फोन आला होता," ती कापूस दाबत म्हणाली. आई म्हणजे कौसाबाई. "त्या म्हणाल्या, पेपरमा इतकं चांगलं लिखेल शे, मंग मोडी का ऱ्हायनात?" तिने नळीवर माझं नाव लिहिलं. "मला कोर्टात जायचं नाही. पण खुलासा छापा. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापलेला नाही. ही गोष्ट मी दोन सत्कारांत सांगितली आहे. शिवाय हा खुलासा लिहायचा कसा? जमलं नाही म्हणावं, तर गुप्तता पुन्हा मोडते. जमलंय म्हणावं, तर खोटं. मी, चेतना आणि नवनीतभाई यांनी सव्वादोन तास बसून तीन ओळी लिहिल्या. बुधवारी त्या आल्या :

'सोमवारच्या अंकात शुभवार्ता सदरात ललित व निशा यांच्याविषयीचा मजकूर अनवधानाने प्रसिद्ध झाला. उभयतांचा विवाह नऊ वर्षांपूर्वीच झालेला आहे.'

यातही खोटं काही नव्हतं. रनाळ्याच्या लोकांनी फ्लेक्स काढला नाही. उलट खालच्या कोपऱ्यात 'नऊ वर्षे पूर्ण' अशी पट्टी चिकटवली. माझा शुगरचा रिपोर्ट थोडा जास्त आला.

इथून पुढे प्रकरण सुरळीत जायला हवं होतं, आणि वीस तारखेपर्यंत गेलंही. दुसऱ्या बैठकीला आमचं चौकोनी टेबलच वापरलं. उदेसिंगभाऊंनी सुचवलं होतं की दोघांना समोरासमोर बसवू नका, एकाच बाजूला बसवा आणि समोर मोकळं ठेवा. चेतना म्हणाली, प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं, फक्त फळ्यावर चित्र काढून. स्कूटी निशाकडे. कपाट निशाकडे. पुस्तकं ललितकडे. मिक्सरवर दोघांनी एकदमच "तू ठेव" म्हटलं, म्हणून तो काही वेळ मालकाविना होता. चाळीस मिनिटांत नऊ कलमं झाली. नवनीतभाई एकदाही उठले नाहीत. मी त्यांची प्रगती वेगळ्या रकान्यात नोंदवत होतो.

"अजून कोणाला काही म्हणायचंय?" चेतनाने रिवाजाप्रमाणे विचारलं.

"मन्हं काय?" कौसाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"गाडी कोनी, कपाट कोनं, सगळं लिखं. मी कोनी?" त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "नवरा-बायकोनं मोडनं, बरं. मन्हं आनि तिनं काय मोडेल शे?"

निशा खाली बघत होती. ललितने इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

वकिलांची जात अशा वेळी कामाला लागते. नवनीतभाईंनी पिशवीतून मुलांच्या ताब्याचा नमुना काढला, कारण भेटीगाठींचा नमुना तेवढाच असतो. अपत्य या शब्दावर रेघ मारून त्यांनी सासू लिहिलं. दहावं कलम तयार झालं ते असं : 'सासूचं हित सर्वोच्च मानून, सासूचा नियमित ताबा ललितकडे राहील. निशाला दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते सायंकाळी सहा सासूला भेटता येईल. दिवाळीच्या सुटीचा अर्धा काळ सासू निशाकडे राहील.'

मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. कौसाबाईंनी मान डोलावली. "सुटी कितली?"

"शाळेला असते तेवढी, आई," ललित म्हणाला.

"चालस. आनि कानबाई?"

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. भाऊबंदकी, म्हणजे एका कुळाची सगळी घरं, एकत्र येते. रोटासाठी गहू काढतात. दोधूआप्पांच्या घरात माणसागणिक सव्वा मूठ. त्या गव्हाच्या पुरणपोळ्यांचा रोट फक्त घरचीच माणसं खातात. पाहुणा कितीही जवळचा असला तरी त्याला तो देत नाहीत. मुलगी लग्न होऊन गेली की तिची मूठ सासरच्या ढिगात पडते. नऊ वर्षं निशाची मूठ रनाळ्यात पडत होती. कानबाई तीन ऑगस्टला होती.

"तिनी मूठ टाकानी का नही?" कौसाबाईंनी विचारलं.

दोधूआप्पा भाऊबंदकीत सगळ्यांत मोठे. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कागद व्हयना म्हंजे ती घरनी नही. घरनी नही म्हंजे मूठ नही. हाई मी ठरायेल नही. पयलेथीन शे."

"मंग लिखा कागदमा. मूठ पडी, दरसाल."

"कागदवर रोट चालत नही."

चेतनाने प्रशिक्षणाची वही उघडली. पाच दिवसांत रोटाचा उल्लेख नव्हता. नवनीतभाईंनी डोळे मिटून एकतीस वर्षांचे निकाल आठवले. नव्हता. कलम अकरा कोरं राहिलं. कौसाबाई उठल्या, खुब्याला हात लावून, आणि म्हणाल्या, "तुम्ही जात नही ते नका जा. मी जासू कोर्टमा."

ज्या बाईला पिंजऱ्यात उभं राहावं लागू नये म्हणून हे सगळं चाललं होतं, तीच आता कोर्टात निघाली होती. नवनीतभाई मला म्हणाले, "कायद्याने यांना उभं राहता येत नाही. पण करारावर यांची सही नाही; या माझ्याकडे आल्या तर मी नाही म्हणू शकणार नाही." ललितने स्पष्ट सांगितलं, आईचं मन मोडून मी सही करणार नाही. निशा म्हणाली, आईंना दुखवून मीपण नाही. लग्न झाल्यापासून एवढं एकमत त्यांचं झालं नसेल, असं सुनिताने आतून ऐकवलं.

सत्तावीसची तिसरी बैठक कलम अकरावरच अडकली. तुळशीबाईंनी, आता त्यांना सगळं कळलेलं होतं, कोणी न विचारता तोडगा दिला : निशाची अर्धी मूठ टाका. उदेसिंगभाऊ ओट्यावरून म्हणाले, "सही उशिरा करा. सण आधी होऊ द्या. आमच्याकडे जेवण झाल्याशिवाय पंच उठत नाहीत."

शनिवारी, दोन ऑगस्टला, रनाळ्याला गहू काढायचे होते. मी नोंदकार म्हणून गेलो. बायका ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. कौसाबाई एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकत होत्या. दोधूआप्पा, ललित, पुतणे, सुना. दोधूआप्पा पलीकडे खाटेवर बसून होते. शेवटच्या नावानंतर कौसाबाईंनी आणखी एक मूठ भरली, वर पाव मूठ घेतली, आणि कोणाचंही नाव न घेता सुपात टाकली. आप्पा उठून उभे राहिले.

"ती कोनी?"

"टाकी दिनी," कौसाबाई म्हणाल्या. "आते निवाडी ल्या."

सुपात आधीच सव्वीस माणसांचे गहू होते; त्यातून ती एक मूठ निवडून काढायची होती. आप्पांनी सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाटेवर बसले. मी लिहिलं : ४.२०, मुठी सत्तावीस.

रविवारी कानबाई बसली. चेतना आणि नवनीतभाई आले होते. दोघांना आणि मला बाहेरच्या खोलीत वेगळी शेवभाजी-भाकरी वाढली, कारण आम्ही परके. निशाला कोणी बोलावलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. लॅबला सुटी होती. एक वाजून पाच मिनिटांनी ती स्कूटीवरून आली. ललित स्टँडपर्यंत तिला सामोरा गेला होता. का ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आत पंगत बसली होती. कौसाबाईंनी निशाला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं. कोणी जेवायला सुरुवात करेना. आप्पांनी पहिला घास घ्यायचा असतो.

"भाऊ," त्यांनी आतूनच मला हाक मारली. "तुम्हनी वहीमा काय लिखेल शे? सही व्हयनी का?"

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून वही उघडली. गरज नव्हती, पण पत्रकाराने तोंडी सांगू नये. "नाही, आप्पा. झालेली नाही."

"मंग आज ती सून शे," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पोळी मोडली.

माझ्यामागे नवनीतभाई भाकरी हातात धरून उभे होते. कौसाबाई जेवता जेवता म्हणाल्या, "मंग सही करानीच कशाले?"

"आई, सही तर करायची आहे," निशा हळू म्हणाली. ललितने मान हलवली. होकाराची होती, मी नीट पाहिलं.

"पुढला साल?"

आप्पांनी निशाच्या ताटात तूप वाढायला सांगितलं.

हे लिहितोय तेव्हा सोमवार, चार ऑगस्ट, सकाळचे अकरा चाळीस झाले आहेत. कानबाईचं विसर्जन झालं. चेतनाने चौथी बैठक सतरा तारखेला ठेवली आहे. कौसाबाईंनी विचारलं आहे की एवढी घाई कशाला. दहा कलमं टाइप झाली आहेत, अकरावं कोरं आहे. सही झालेली नाही. कोर्टात कोणीही गेलेलं नाही.